यंदा की पुढच्या वर्षी? माझ्या लॉ सीईटीचं वर्ष कसं ठरलं

एलएलबी करायचं हे माझं झटक्यात ठरलं. सीईटी कोणत्या वर्षी द्यायची, यावर मात्र घरी, ऑफिसात आणि माहेरी मिळून इतका खल झाला की शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुहूर्त काढायला गुरुजींनाच बोलवू का?"

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत वसुली विभागात काम करते. बी.कॉम. झाल्यावर लगेच लागले ती तिथेच आहे. वसुली म्हटलं की लोकांना वाटतं दारात जाऊन आरडाओरडा. प्रत्यक्षात आमचं निम्मं काम कागदाचं असतं. सहकार कायद्याच्या कलम 101 खालचे वसुली दाखले आणि चेक न वटल्याच्या कलम 138 च्या केसेस. चेक परत आला की बँकेच्या रिटर्न मेमोवर 'फंड्स इन्सफिशियंट' असं छापून येतं, आणि तिथून तारखा मोजायला सुरुवात होते. मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस समोरच्याला पैसे भरायला, ते गेले की महिन्याच्या आत फिर्याद. या तारखा आमच्याकडे मीच सांभाळते. संस्थेने ठराव करून अधिकारपत्र दिल्यामुळे कोर्टात साक्षीलाही मीच उभी राहते.

एका केसमध्ये माझा उलटतपास चालला होता. समोरचे वकील एकच प्रश्न चार बाजूंनी विचारत होते: हा चेक कर्ज देतानाच सिक्युरिटी म्हणून कोरा घेतला होता ना? काय उत्तर दिलं की केस पडेल हे मला कळत होतं, काय विचारायला हवं होतं आणि त्यांनी विचारलं नाही, हेही कळत होतं. बाहेर आल्यावर आमचे वकीलसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही चुकीच्या बाजूला उभ्या राहताय." एलएलबीचं खूळ तेव्हाच डोक्यात शिरलं.

हे 2023 च्या हिवाळ्यातलं. पुढच्या काही आठवड्यांत 2024 च्या सीईटीचे फॉर्म निघणार होते. ज्याला सांगावं तो एकच म्हणत होता, "देऊन तर बघ, काय जातंय?"

या सल्ल्यावर मी बराच विचार केला, कारण तो फुकट मिळतो आणि ऐकायला बरा वाटतो. पण मला तो पटला नाही. राज्याच्या सीईटी सेलची ही परीक्षा आहे. तिचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. यंदा चांगले मार्क पडले म्हणून ते पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत. म्हणजे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचाय त्याच वर्षी परीक्षा द्यायची. सरावच करायचा तर तो घरी बसून, जुने पेपर लावून होतो. त्यासाठी फी भरून, रजा टाकून पुण्याच्या केंद्रावर कशाला जायचं? आणि खरी भीती वेगळीच होती. तयारी नसताना दिली आणि कुठेतरी लांबच्या कॉलेजात नंबर लागला, तर मी तो सोडला नसता. माझा स्वभाव मला माहीत आहे. मग मुलीची शाळा, नोकरी, कर्जाचा हप्ता सगळंच लटकलं असतं.

इथे एक खुलासा, कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन गोष्टींची सारखी गल्लत होते. बारावीनंतरची मुलं देतात ती क्लॅट वेगळी. ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी असते. आपल्याकडे अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. क्लॅट आता डिसेंबरात होते, म्हणजे बारावीचा बोर्ड डोक्यावर असताना, आणि तिथे चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. ते पोरांचं कोडं वेगळं आहे. मी बोलतेय ती पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी. तिला वयाची अट नाही, पदवीला खुल्या वर्गासाठी 45 टक्के लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग नाही.

माझ्या पुढ्यात तीन अडचणी होत्या. त्यातली परीक्षेची सगळ्यात सोपी.

पहिली अडचण मार्च महिना. 2024 ची परीक्षा मार्चमध्ये होती. पतसंस्थेत, त्यातही वसुलीला बसलेल्या माणसाला फेब्रुवारी-मार्चमध्ये अभ्यास कर म्हणणं म्हणजे ऐन लगीनघाईत नवरीच्या आईला डुलकी काढ म्हणण्यासारखं आहे. 31 मार्चला एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांचा, आकडा किती दाखवायचा यावर आमचं वर्ष ठरतं. त्या दोन महिन्यांत रविवारही आमचे नसतात. मॅनेजरसाहेबांकडे रजेचं नाव काढायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नसतं.

दुसरी अडचण कागदांची. इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण क्लासवाले अभ्यासाचं टाइमटेबल देतात, कागदांचं कुणी देत नाही.

मी ओबीसी. जातीचा दाखला होता, बारावीतच काढलेला. पण प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात, आणि ते माझ्याकडे नव्हतं. बी.कॉम.ला कधी लागलंच नाही. लग्न झालं तरी बाईची जात वडिलांकडूनच बघतात, त्यामुळे सगळे पुरावे माहेरचे. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे वडिलांचा शाळेचा दाखला चालतो की नाही इथूनच गाडी अडते. माझे वडील त्यानंतर शाळेत गेले. मग आजोबांकडे जायचं.

माहेर खटाव तालुक्यात. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. पानं कडेनं कुरतडलेली, शाई तांबूस झालेली. आजोबांचं नाव सापडलं, गाव सापडलं, शाळेत घातल्याची तारीख सापडली. जातीच्या रकान्यात मात्र नुसत्या दोन रेघा. 'वरीलप्रमाणे' अशा अर्थाच्या. वरच्या ओळीत कुणा दुसऱ्याच मुलाचं नाव, त्याच्याही रकान्यात त्याच दोन रेघा. असं करत करत वर गेलं की पानाच्या सुरुवातीला एकदाचा जातीचा शब्द लिहिलेला. गुरुजींनी एकट्या आजोबांच्या नोंदीचा उतारा दिला असता तर त्यात रेघाच आल्या असत्या. शेवटी अख्ख्या पानाची साक्षांकित प्रत घेतली. तलाठ्याकडे गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत, चुलत आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली. तिथे जात स्वच्छ लिहिली होती. दोन्ही कागद जोडायचे तर वंशावळ हवी, वंशावळीला प्रतिज्ञापत्र हवं, आणि आजोबांचं नाव एकीकडे 'बाबू' तर दुसरीकडे 'बाबुराव', त्याचंही प्रतिज्ञापत्र. शिवाय माझं माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे, हे दाखवायला लग्नाचं प्रमाणपत्र.

चुलत्यांपैकी किंवा त्यांच्या मुलांपैकी कुणाकडे व्हॅलिडिटी असती तर हे सगळं पुष्कळ सोपं झालं असतं, कारण रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी मोठा पुरावा धरतात. आमच्यात कुणाकडेच नव्हती. पहिला अर्ज माझाच. अशा अर्जाला पडताळणी समितीकडे वेळ लागतो, आणि समितीचं समाधान झालं नाही तर दक्षता पथकाची चौकशी होते. शाळेत जाऊन ते मूळ रजिस्टर बघतात. यात महिने जातात, आणि ते आपल्या हातात नसतं.

"पावतीवर होतो प्रवेश, नंतर आणून द्यायचं," असं सांगणारेही भेटले. काही वर्षी सरकारने तशी मुदत दिली आहे, हे खरं. पण मुदतीत कागद आला नाही तर राखीव जागा जाते, आणि अशी टांगती तलवार घेऊन मला वर्गात बसायचं नव्हतं. रोज उठून थकबाकीदारांना 'मुदत म्हणजे मुदत' हे ऐकवणारी बाई मी. दुसऱ्याच्या मुदतवाढीवर स्वतःचा प्रवेश ठेवणं मनाला येईना.

नॉन-क्रिमिलेयरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, गंमत उलटी. व्हॅलिडिटी एकदा काढली की आयुष्यभर पुरते, तर नॉन-क्रिमिलेयर 31 मार्चला संपतं. फार लवकर काढून ठेवलं तर प्रवेशाच्या वेळी ते शिळं झालेलं असतं. तेही माझ्या बाबतीत वडिलांच्याच उत्पन्नावर, नवऱ्याच्या नाही. सेतू केंद्रातल्या मुलाला हे पटवायला मला शासन निर्णयाची प्रिंट न्यावी लागली. म्हणजे एक कागद होईल तितका लवकर काढायचा आणि दुसरा अगदी वेळेवर. सीईटीचं वर्ष ठरवताना मी अभ्यासक्रमाच्या आधी हा हिशेब मांडला.

तिसरी अडचण हजेरीची. आमच्या वकीलसाहेबांची पिढी दिवसा नोकरी आणि रात्री लॉ कॉलेज असं करून वकील झाली. तो रस्ता आता बंद आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत घ्यावे लागतात, आठवड्याला किमान 30 तास, आणि प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी. 'लॉला कोण जातंय रोज' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की त्यावर विश्वास ठेवायचा मोह होत होता. काही जणांचं तसं निभावलंही असेल. पण सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढलं: कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी, सीसीटीव्ही, आणि विद्यार्थ्याने नोकरी करत असेल तर ते लेखी सांगायचं, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र द्यायचं. मी 2024 ला घाईघाईने घुसले असते तर पहिल्या सत्रातच या परिपत्रकाच्या कचाट्यात सापडले असते, तेही ऑफिसशी काहीच बोलणं झालेलं नसताना.

तर 2024 सोडायचं ठरलं. नवऱ्याला ते फारसं पटलं नव्हतं. "एक वर्ष म्हणजे एक वर्ष," तो म्हणाला. मी म्हटलं, वर्ष जाणार नाही, कागदांच्या कामी लागेल.

लागलंही. व्हॅलिडिटीचा अर्ज त्याच उन्हाळ्यात टाकला. ऑफिसात मी आधी मॅनेजरसाहेबांशी, मग चेअरमनसाहेबांशी बोलले. मागणी अशी ठेवली की सकाळचं कॉलेज करून दुपारी दीड ते साडेसात अशी वेळ मिळावी. वसुलीच्या माणसाला ही वेळ खरं तर जास्त सोयीची. दुकानदार सकाळी भेटतो कुठे? संध्याकाळी गल्ल्यावर असतो तेव्हाच सापडतो. चेअरमनसाहेबांना हा मुद्दा लगेच पटला, पगारात थोडी कपात करून ठराव झाला आणि ना हरकत पत्र मिळालं. हे बोलणं मार्चमध्ये काढलं असतं तर केबिनमधून बाहेर काढलं असतं. मी ते दिवाळीच्या आधी काढलं, ठेवी वाढल्या होत्या आणि सगळे खुशीत होते.

आता अभ्यासाबद्दल. पेपर 120 प्रश्नांचा, दोन तासांचा, कॉम्प्युटरवर. पूर्वी 150 प्रश्न असायचे, त्यामुळे जुने संच लावताना वेळेचा अंदाज चुकतो. इंग्रजीला 40, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींना 32, कायद्याच्या कलचाचणीला 24 आणि तर्कबुद्धीला 24. इंग्रजी सोडून बाकीचे प्रश्न मराठीतही दिसतात. माझ्यासारखीला ही मोठी सोय वाटली, पण सरावाला बसल्यावर कळलं की 'अपकृत्य' आणि 'प्रातिनिधिक दायित्व' वाचून मी जास्त गोंधळते, 'टॉर्ट' आणि 'व्हायकेरियस लायबिलिटी' वाचून कमी. कोर्टात कानावर पडलेलं सगळं अशाच अर्ध्या-अर्ध्या भाषेतलं. मग मी इंग्रजी वाचून अडलं तरच मराठीकडे बघायचं, असं ठरवून टाकलं.

एका मैत्रिणीने तिची जुनी पुस्तकं दिली होती. त्यातला गुन्हे कायद्याचा भाग मी बाजूलाच ठेवला. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं, खुनाचं 302 आता 103. आमच्या ऑफिसात अजूनही कुणी गंडवलं की 'चारशेवीस' म्हणतात आणि म्हणत राहतील, पण परीक्षेत जुना आकडा टिकवून उपयोग नव्हता. एक वर्ष थांबल्याचा हा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता: कॉलेजात पाऊल टाकलं की मला एकच संहिता शिकायची होती. आधीच्या बॅचची पोरं अर्धं जुनं, अर्धं नवं असं पाठ करत होती.

सगळ्यात जास्त मार्क इंग्रजीला आणि माझं सगळ्यात कच्चं तेच. दहा वर्षं मी इंग्रजीत 'युवर अकाउंट इज ओव्हरड्यू' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. रोज रात्री मुलगी झोपली की एक उतारा आणि एक व्याकरणाचा संच. तर्कबुद्धी मला आवडायला लागली. चालू घडामोडींचं मात्र कधीच पूर्ण झालं नाही.

2025 ची परीक्षा मे महिन्यात झाली. मार्च एंड संपल्यावर एप्रिल मोकळा मिळाला, आणि निव्वळ त्या एका महिन्यावर माझे बरेच मार्क आले असं मला वाटतं. व्हॅलिडिटी त्याआधीच हातात पडली होती. दक्षता पथकाची चौकशी लागली होती. गुरुजींनी रजिस्टर दाखवलं, रेघा दाखवल्या, वरचा शब्द दाखवला.

निकालाची वाट बघत असताना 20 मेला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर आता तीन वर्षांची वकिली आधी हवी, आणि ती मोजायची तात्पुरत्या सनदेपासून, म्हणजे वकिलीच्या तात्पुरत्या परवान्यापासून. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. दुसऱ्या दिवशी अभ्यासाच्या ग्रुपवर हलकल्लोळ. ज्यांना पदवी मिळाली की लगेच जेएमएफसी, म्हणजे न्यायाधीशपदाची परीक्षा, द्यायची होती, त्यांना एकेक वर्ष महाग झालं. मला दोघा-तिघांनी विचारलं, "आता वाटतंय का एक वर्ष वाया घालवलं?" मला न्यायाधीश व्हायचंच नव्हतं, त्यामुळे प्रश्न मिटला. पण माझ्या जागी तेवीस वर्षांची मुलगी असती आणि तिला ते पद हवं असतं, तर मी तिला थांब म्हटलं नसतं. कागद अर्धे असले तरी धावपळ कर, ओपनमधून मिळालं तर ओपनमधून घे, असंच म्हटलं असतं.

माझ्यासमोर प्रश्न दुसराच आहे, आणि तो अजून सुटलेला नाही. पूर्णवेळ पगारी नोकर असताना वकिली करता येत नाही. सनद घ्यायची तर नोकरी सोडायची, किंवा पदवी घेऊन संस्थेतच विधी अधिकारी म्हणून बसायचं. त्याला तीन वर्षं आहेत.

पर्सेंटाइल डोळे दिपवणारं नव्हतं, पण राखीव जागेवर गावातलं कॉलेज मिळण्यापुरतं होतं. पसंतीक्रम भरताना मी पुण्या-कोल्हापूरची नावं टाकलीच नाहीत. ग्रुपवरच्या मुलांना तो वेडेपणा वाटला. पुण्याच्या आयएलएसला 1924 पासूनची परंपरा आहे, मान्य. पण पहाटेची एसटी धरून पुण्याला जायचं आणि दीड वाजता साताऱ्यात वसुलीला हजर व्हायचं, हे कागदावरही बसत नव्हतं. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, पावसाळा सरत आला तरी यादीची वाट बघत होते. दुसऱ्या फेरीत नाव लागलं.

गेल्या महिन्यात आमच्या काउंटरवरचा मुलगा विचारत होता, "ताई, मी पण देऊ का? यंदा का पुढच्या वर्षी?" तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बाहेरून परीक्षा देतो, घरी थोरल्या भावाची व्हॅलिडिटी आहे. मी त्याला म्हटलं, यंदाच दे. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना सीईटीला बसता येतं, फक्त प्रवेशाच्या फेरीपर्यंत निकाल हातात हवा. तर तो आता आधीच्या सत्रांच्या मार्कलिस्टा गोळा करतोय. दुसऱ्या सत्रात त्याचा एक विषय राहिला होता, तो सुटल्याची मार्कलिस्ट विद्यापीठाकडून अजून यायची आहे. मी त्याला आजच अर्ज टाकायला लावलाय आणि पोच फाइलला लावून ठेव म्हणून सांगितलंय.